अब्बा : उघड्या खिडकीची आवड
१९७४ साली ब्रायटन येथे युरोव्हिजन स्पर्धा जिंकणाऱ्या अब्बा या स्वीडिश वृंदास स्वदेशातीलच डाव्या विचारांच्या संगीतकारांनी निव्वळ बाजारू ठरविले, आणि पुढे कित्येक वर्षे जाणकारांच्या दरबारी त्याची आवड कबूल करणे हा जणू गुन्हाच गणला गेला. परंतु ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटो हे तोच स्वरभाग पुन्हा मुद्रित करताना फितीचा वेग किंचित बदलीत, त्यामुळे दोन थरांत सूक्ष्म अंतर पडून नादाला जी विलक्षण भरघोस झळाळी येई, ती एकदा कानांनी टिपली म्हणजे हा आरोप टिकत नाही. 'डान्सिंग क्वीन' (१९७६) लावून पाहा : पियानोवरून बोटे सरसर घसरतात आणि गायन थेट ध्रुवपदाच्या मध्यातूनच सुरू होते, मी ते खिडक्या सताड उघड्या टाकून ऐकतो.