एकाची गोष्ट, सत्तरांचं उत्तर

विंचू उतरवणाऱ्यावर ज्यांचा विश्वास आहे, ती माणसं खोटं बोलत नसतात. विंचू डसला, माणसाला मांत्रिकाकडे नेलं, त्यानं अंगारा लावला, काहीतरी पुटपुटला आणि सकाळपर्यंत माणूस हिंडूफिरू लागला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. चूक पाहण्यात नाही, त्यावरून काढलेल्या निष्कर्षात आहे. मोठा काळा विंचू डसला तर ठणका असह्य असतो, पण जिवाला सहसा धोका नसतो. काहीही न करता कळ उतरतेच. लाल विंचवानंसुद्धा दर वेळी पुरेसं विष टोचलेलं असतं असं नाही. म्हणजे मांत्रिकाकडे गेलेल्यांपैकी बहुतेक जण न जाताही बरे झाले असते. जे दगावले त्यांची गोष्ट सांगायला कोणी उरत नाही, किंवा ‘उशीर झाला होता’ असं म्हणून ती मिटवली जाते.

‘अमक्याला गुण आला, म्हणजे औषध खरं’ हा समज फक्त खेड्यातला किंवा अडाण्यांचा नाही. डॉक्टरही त्यातून सुटलेले नव्हते, आजही पूर्ण सुटलेले नाहीत. म्हणून विंचवाचीच गोष्ट पुढे नेतो.

१९७०च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या गंभीर दंशानं माणसं, विशेषतः लहान मुलं, डोळ्यांदेखत जात होती. आधी ओकाऱ्या, मग अंग घामानं निथळतं, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. पुरुषांमध्ये लिंगाला वेदनादायक ताठरता येते. काही तासांनी छातीत पाणी भरतं, तोंडातून गुलाबी फेस येतो आणि खेळ संपतो. उपचार म्हणून त्या काळी अॅट्रोपिन, स्टेरॉइड, गुंगीची औषधं असं बरंच काही दिलं जाई. प्रत्येक औषधामागे कोणाचा तरी ‘आमचा एक पेशंट यानं वाचला’ हा अनुभव होता.

बावस्करांनी केलं ते ऐकायला साधं आहे. ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासानं नोंद केली. कुठलं लक्षण आधी येतं, कुठलं दिसलं की पुढे छातीत पाणी भरणार, हे त्यातून उलगडत गेलं. १९८२मध्ये त्यांची ही निरीक्षणं लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. या विषानं शरीरातल्या मज्जातंतूंची वादळी उत्तेजना होते, अॅड्रिनलिनसारखी रसायनं रक्तात ओतली जातात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला तो भार पेलवत नाही. मग या रसायनांचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम रोखणारं, उच्च रक्तदाबासाठी वापरलं जाणारं एखादं औषध का देऊ नये? प्राझोसिन नावाची गोळी त्यासाठी वापरली गेली. १९८६मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. ज्या गंभीर दंशात पूर्वी शंभरातले पंचवीस-तीस दगावत, तिथे हे प्रमाण एकेरी आकड्यावर आलं. महाडसारख्या गावात परवडेल अशी गोळी होती ती, मोठ्या यंत्रांची गरज नसलेली. ती देताना एक काळजी मात्र घ्यावी लागते: मुलाला उचलून कडेवर घ्यायचं नाही, आडवंच ठेवायचं, कारण रक्तदाब एकदम घसरू शकतो. हे बारकावेही खाटेशी बसल्यानंच कळतात.

‘संशोधन मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात होतं’ या समजाला याहून वेगळं उत्तर द्यायची गरज वाटत नाही. तरी गडचिरोलीचं नाव घेतल्यावाचून राहवत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी दिसले. १९९९मध्ये हेही ‘लॅन्सेट’नं छापलं आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. तुलनेची ४७ गावं नसती, तर ‘पाऊसपाणी बरं झालं असेल, दवाखाने वाढले असतील’ या शंकेला उत्तर नव्हतं.

तुलना हाच इथला कळीचा भाग आहे, आणि लोकांचा सर्वात जास्त गैरसमजही तिथेच आहे. विंचवाची लस मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होते. इथे लस म्हणजे विषाविरुद्धचं प्रतिविष. ते दिलं तर प्राझोसिनपेक्षा जास्त फायदा होतो का? ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात सरसकट प्रतिविष देण्याचा फायदा दिसला नव्हता. तो १९९९मध्ये छापून आला. एवढा मोठा आकडा पाहून कोणीही म्हणेल, विषय संपला. पण तिथला विंचू वेगळा, आणि त्या रुग्णांपैकी पुष्कळांचा दंश सौम्य होता. आपल्या लाल विंचवाचं काय, हा प्रश्न आपल्याकडेच विचारायला हवा होता. आकडा मोठा म्हणून निष्कर्ष सगळीकडे लागू होतो, हा शिकल्यासवरलेल्यांचा गैरसमज आहे, आणि तो इतर गैरसमजांहून कमी धोक्याचा नाही.

महाडमध्ये बावस्कर दांपत्यानं हा प्रश्न घेतला. सत्तर रुग्ण, म्हणजे घाम, गार हातपाय वगैरे लक्षणं सुरू झालेले, पण अजून छातीत पाणी न भरलेले. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक दोन गट पाडले, पस्तीस-पस्तीसचे. एका गटाला प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि शिवाय प्रतिविष. दहा तासांनी पाहिलं, तर दोन्ही मिळालेल्या पस्तीसपैकी बत्तीस जण पूर्ण सावरले होते. फक्त प्राझोसिन मिळालेल्यांपैकी आठ. दोन्ही मिळालेल्यांना सावरायला सरासरी आठ तास लागले, फक्त प्राझोसिनवाल्यांना जवळजवळ अठरा. २०११मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा अहवाल आला. कोणाला काय दिलं हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांना माहीत होतं, ही त्या अभ्यासाची मर्यादा शीर्षकातच स्पष्ट लिहिलेली आहे. असं उघड लिहिणारं संशोधन जास्त भरवशाचं, हे वाचकानं ध्यानात ठेवावं.

‘चिठ्ठी टाकून उपचार ठरवणं म्हणजे जिवाशी जुगार’ असं अनेक नातेवाइकांना वाटतं, आणि ते वाटणं मी समजू शकतो. पण चिठ्ठी तिथेच टाकतात जिथे कोणता उपचार सरस हे खरोखर ठाऊक नसतं. डॉक्टरनं निवडायचं ठरवलं तर नकळत तरुण, धडधाकट रुग्ण नव्या औषधाकडे वळतात, मग औषध चांगलं की रुग्ण चांगले हे सांगता येत नाही. आणि प्रत्येक अभ्यासात एका गटाला खोट्या गोळ्या मिळतात, हाही समज चुकीचा. महाडच्या अभ्यासात दोन्ही गटांना प्राझोसिन मिळालं होतं. जिथे सिद्ध उपचार उपलब्ध आहे, तिथे तो हातचा राखून रुग्णाला नुसती साखरेची गोळी देणं नीतीला धरून नाही.

तर्काला पटलं म्हणून औषध खरं, हा डॉक्टरांचा लाडका गैरसमज अमेरिकेत १९८९ साली उघडा पडला. हार्ट अटॅकनंतर ठोके अनियमित पडतात, अनियमित ठोक्यांचे रुग्ण जास्त दगावतात. तर मग ठोके नियमित करणारी औषधं द्या, माणसं वाचतील. यात कोणाला खोट दिसली नव्हती आणि ही औषधं मोठ्या प्रमाणावर दिली जात होती. तुलना केली तेव्हा औषध मिळालेल्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले आणि खोटी गोळी मिळालेल्या ७४३ पैकी २६. ठोके सुधारले होते, माणसं जात होती. इथे खोट्या गोळीच्या गटात पडलेलेच सुदैवी ठरले. खाटेजवळ उभं राहून एका डॉक्टरला हे कधीच दिसलं नसतं, कारण हृदयविकाराचा रुग्ण गेला तर दोष हृदयालाच जातो.

मग एका रुग्णाची गोष्ट निरुपयोगी म्हणायची का? अजिबात नाही. ‘विचित्र केस म्हणजे डॉक्टरांच्या गप्पांचा विषय’ हा समज मला सगळ्यांत जास्त खटकतो. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची छोटीशी नोंद आली. धडधाकट माणसाला सहसा न होणारा न्यूमोनिया या पाचांना झाला होता आणि दोघे तोवर गेले होते. पाचच माणसं. एड्सची ती पहिली छापील नोंद. त्याआधी १९६१च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या विल्यम मॅकब्राइड या प्रसूतितज्ज्ञानं ‘लॅन्सेट’ला काही ओळींचं पत्र लिहिलं: थॅलिडोमाइड घेतलेल्या गरोदर बायांची बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मत आहेत, आणखी कोणी असं पाहिलंय का? जर्मनीत विडुकिंड लेंट्झ याच सुमारास तोच धोका सांगत होते. जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं या औषधानं बाधित झाली. इथे चिठ्ठ्या टाकून अभ्यास करायचा प्रश्नच नव्हता. एकेका बाळाची नीट लिहिलेली नोंद हीच धोक्याची घंटा होती.

एकटी केस प्रश्न विचारते. उत्तर द्यायला मोजणी लागते. दोन्हींची कामं वेगळी आहेत. मॅकब्राइडच्या पत्राचाही शेवट प्रश्नानंच झाला होता.

ही घंटा वाजवायचा हक्क रुग्णालाही आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०पासून चालू आहे. त्याचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि डॉक्टरची चिठ्ठी न घेताही कोणी फोन करू शकतं.

आता सगळ्यांत जुनी भीती: ‘गरिबांवर प्रयोग करतात.’ ही भीती नुसती झटकून टाकणं अन्यायाचं होईल, कारण तिला इतिहास आहे. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं गरमीचा आजार असलेल्या कृष्णवर्णीयांना उपचाराविना नुसतं पाहत ठेवलं, पेनिसिलिन मिळू लागल्यानंतरही. आपल्याकडे २००९-१०मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देणारा प्रकल्प झाला. वसतिगृहात राहणाऱ्या कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रावर पालकांऐवजी वॉर्डननी सह्या केल्याचं उघड झालं. एप्रिल २०१०मध्ये तो थांबवला गेला आणि संसदीय समितीनं २०१३मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट ठरली म्हणून नव्हे, संमती घेताना माणसांना गृहीत धरलं म्हणून. हा फरक अनेकदा विसरला जातो आणि मग लशीविषयीच अविश्वास पसरतो, ज्याची किंमत पुन्हा त्याच मुली मोजतात.

आजचे नियम या जखमांतून आले आहेत. २०१९च्या नव्या नियमावलीप्रमाणे नव्या औषधाच्या चाचणीला नीतिसमितीची मंजुरी लागते. समितीत किमान सात सदस्य असतात, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे; त्यांत कायद्याचा जाणकार हवा, सामान्य नागरिक हवा आणि किमान एक स्त्री हवी. लिहितावाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो. नव्यानंच शोधलेल्या औषधाची चाचणी दुर्बल गटातल्या माणसांवर होणार असेल, तर संमतीची प्रक्रिया चित्रित करावी लागते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि भरपाईही.

छापून आलेल्या विचित्र केसबद्दलही एक समज आहे: ‘आमच्या माणसाचा फोटो सगळीकडे जाईल.’ नाव, गाव, ओळखू येणारा चेहरा यांपैकी काहीही रुग्णाच्या लेखी परवानगीशिवाय छापता येत नाही, आणि डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की ओळख लपते असं आता कोणतंही चांगलं नियतकालिक मानत नाही. छापायच्या आधी मजकूर दाखवा, असं म्हणायला रुग्णानं कचरू नये.

संशोधनासाठी कोणी तुमच्या घरच्या माणसाची सही मागितली, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच करूही नका. कागद घरी नेऊन वाचायला मागा. तुम्हाला कळेल त्या भाषेतला कागद आणि त्याची प्रत हा तुमचा हक्क आहे. मी नाही म्हटलं तर इथेच कोणता उपचार मिळेल, हे विचारा. मधेच बाहेर पडलो तर काय, रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा, तपासण्यांचा खर्च कोणाचा, हेही विचारा. आणि सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा, क्रमांक मागून घ्या. ती २००७मध्ये सुरू झाली आणि औषधांच्या चाचण्यांना २००९पासून बंधनकारक आहे. तिच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की चाचणी कोण करतंय, पैसा कोणाचा, कोणत्या नीतिसमितीनं मंजुरी दिली आणि काय मोजलं जाणार आहे, हे कोणालाही फुकट वाचता येतं.