कोलेन्सो, जॉन विल्यम

(२४ जानेवारी १८१४ – २० जून १८८३). दक्षिण आफ्रिकेतील नातालचा पहिला अँग्लिकन बिशप, गणितज्ञ व बायबलचा चिकित्सक. जन्म इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल परगण्यातील सेंट ऑस्टेल येथे. केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयातून तो १८३६ मध्ये सेकंड रँग्लर झाला (याच महाविद्यालयातून पुढे १८९९ मध्ये र. पु. परांजपे सीनिअर रँग्लर झाले). हॅरो येथे काही काळ अध्यापन व नंतर नॉरफॉकमध्ये धर्मोपदेशकाचे काम केल्यावर १८५३ मध्ये त्याची नातालच्या बिशपपदी नियुक्ती झाली. अंकगणित व बीजगणितावरील त्याची पाठ्यपुस्तके बरीच वर्षे प्रचारात होती.

नातालमध्ये तो झुलू भाषा शिकला व तिचे व्याकरण आणि कोश त्याने सिद्ध केले. धर्मांतरित पुरुषाने आपल्या अनेक पत्नींपैकी एक ठेवून इतरांचा त्याग करावा, हा मिशनऱ्यांचा आग्रह त्याला क्रूर वाटे. बायबलच्या भाषांतरात त्याला साहाय्य करणाऱ्या विल्यम न्गिडी या झुलू सहकाऱ्याने जलप्रलयाची कथा खरी आहे काय, असे विचारले. होकार देणे कोलेन्सोला प्रामाणिकपणाचे वाटेना. पंचग्रंथावरील त्याच्या ग्रंथाचा (७ भाग, १८६२–७९) उगम या प्रसंगात आहे. त्यात त्याने बायबलमधील आकडे गणिताच्या कसोटीवर तपासले. उदा., उपासना-मंडपाच्या दाराशी सर्व इझ्राएली समुदाय जमल्याचे म्हटले आहे. तथापि सहा लाखांवर प्रौढ पुरुष असलेल्या त्या समुदायापैकी मंडपाच्या अंगणात दाटीवाटीनेही पाच हजारच माणसे मावतील, असे त्याने दाखविले. मूलतः त्याची टीका अंकगणिती असल्याने ती काहीशी रुक्ष आहे. जर्मन विद्वानांची व्यापक दृष्टी तीत आढळत नाही. परंतु ती एका बिशपने केली होती, म्हणूनच खळबळ माजली. केपटाउनचा बिशप रॉबर्ट ग्रे याने १८६३ मध्ये त्याला पाखंडी ठरवून पदच्युत केले. १८६५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हा निर्णय अवैध ठरविला, तेव्हा ग्रेने त्याला बहिष्कृत केले. १८६९ मध्ये प्रतिस्पर्धी बिशपही नेमण्यात आला. तरी कोलेन्सोने पद सोडले नाही.

या वादात पाठीशी राहिलेले गोरे वसाहतवाले पुढे मात्र दुरावले. ह्लुबी जमातीचा प्रमुख लांगालिबालेले याच्यावरील खटला (१८७४) अन्यायाचा असल्याचे त्याने इंग्लंडला जाऊन मांडले. त्यापायी शेपस्टोन या अधिकाऱ्याशी असलेली जुनी मैत्रीही तुटली. १८७९ मध्ये इसांड्ल्वाना येथे ब्रिटिश सैन्याचा संहार झाला असताना, त्याने पीटरमॅरित्झबर्ग येथील प्रवचनात त्या युद्धाचा निषेध केला. पदच्युत झुलू राजा सेट्श्वायो याची बाजू त्याने अखेरपर्यंत मांडली. झुलू लोक त्याला ‘सोबांतू’ (लोकांचा पिता) म्हणत. डर्बन येथे तो मरण पावला. त्याची कन्या हॅरिएट हिने झुलूंसाठी चाललेला हा लढा पुढे चालविला.