कारखान्यात आर.ओ. जोडण्याआधी पाणी मोजा

काउंट पाहिल्याशिवाय आपण सूत घेत नाही. पाण्याचे मात्र उलटे चालते. यंत्र आधी येते, पाणी कसे आहे ते नंतर विचारले जाते. बोअरवेल असलेल्या अनेक यंत्रमाग कारखान्यांत कारागिरांसाठी रोज वीस लिटरचे जार विकत येतात. त्याऐवजी सुटे भाग आणून आर.ओ. जोडणे हे कोणत्याही हुशार वायरमनला जमणारे काम आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम पेनाएवढा टी.डी.एस. मीटर घ्यावा. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतात. मीटर जंतू किंवा फ्लोराइड दाखवीत नाही, म्हणून एक नमुना प्रयोगशाळेतही द्यावा. आकडा ५०० च्या आत असून दुसरा दोष नसेल, तर आर.ओ. म्हणजे फुजूल खर्च.

पाणी आधी पाच मायक्रॉनच्या गाळणीतून, मग कार्बनमधून न्यावे. कार्बन टाळू नये, क्लोरीन मेम्ब्रेनचा नाश करते. मग पंप. दहा मीटर उंच टाकीचाही दाब जेमतेम एक किलो भरतो, मेम्ब्रेनला चार-पाच किलो लागतो. खाऱ्या पाण्याच्या नळीवर फ्लो रिस्ट्रिक्टर नावाचा लहानसा तुकडा बसतो. तो राहिला की दाब बसत नाही आणि पाणी तसेच वाहून जाते. टाकी भरल्यावर पंप बंद करणारा फ्लोट स्विचही हवा. ७५ गॅलनचा मेम्ब्रेन कागदावर तासाला सुमारे बारा लिटर देतो, थंडीत कमी.

खरा प्रश्न सांडणाऱ्या पाण्याचा आहे. एक लिटर गोड्या पाण्यामागे दोन-तीन लिटर खारे निघते. ते गटारात न सोडता पिंपात घ्यावे, संडासाला व फरशीला वापरावे. रंगाच्या टपात मात्र मुळीच नको. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम आणखी वाढलेले असते आणि शेड एकसारखी बसत नाही. (रंगाईसाठी मिठाने धुतला जाणारा सॉफ्टनर बहुधा पुरतो, तिथे आर.ओ.चा मोह धरू नये.)

जोडणी झाल्यावर पहिल्या तासाचे पाणी पिऊ नये. बाराशेचे पाणी शंभरच्या आसपास उतरले तर मेम्ब्रेन ठीक. पुढे आकडा चढू लागला की तो बदलावा. ईदच्या सुट्टीत कारखाना आठ दिवस बंद राहिला, तर उघडल्यावर पहिली टाकी ओतून द्यावी.