ब्राउझरमधली मोफत साधने सर्वांना वापरता यावीत म्हणून

फोटोचे आकारमान कमी करणे, दोन पीडीएफ जोडणे, कागदाच्या छायाचित्रातला मजकूर अक्षररूपात मिळवणे, जुन्या फॉन्टमधले मराठी युनिकोडमध्ये आणणे ही कामे आज ब्राउझरमध्ये एखादे पान उघडून होतात. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, संगणकात काही बसवावेही लागत नाही. नोकरभरतीचे ऑनलाइन अर्ज भरणाऱ्यांचे तर या साधनांवाचून अडते. आयबीपीएसच्या बँकभरतीत फोटो २० ते ५० केबीचा आणि सही १० ते २० केबीची मागितली जाते. मोबाइलने काढलेला साधा फोटो बहुधा काही एमबींचा असतो. तो लहान करणारे साधन ज्याला स्वतः चालवता येत नाही, त्याला आपली कागदपत्रे दुसऱ्याच्या हाती द्यावी लागतात किंवा त्या दोन मिनिटांच्या कामासाठी पैसे मोजावे लागतात. साधन फुकट असले तरी त्याला ते मिळालेले नसते. दृष्टी, हात, भाषा, मोबाइलची कुवत आणि नेटचा वेग यांतल्या कशावरही अडून न बसणारे साधनच सर्वांचे म्हणता येते.

वेबची सुरुवात झाली ती माहिती वाचण्याचे आणि वाटण्याचे माध्यम म्हणून. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये त्याचा प्रस्ताव मांडला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणालाही विनामूल्य वापरण्यास खुले केले. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली आणि पानावरच छोटी कामे होऊ लागली. जड काम मात्र दूरच्या सर्व्हरवरच होई. फाइल तिकडे पाठवायची, तिथे तिच्यावर प्रक्रिया व्हायची आणि तयार फाइल परत उतरवून घ्यायची. पुढे वेबअसेम्ब्ली आली. सी, सी प्लस प्लस अशा भाषांत लिहिलेले भारी प्रोग्रॅम तिच्यामुळे ब्राउझरमध्येच वेगाने चालू लागले. ५ डिसेंबर २०१९ रोजी तिला अधिकृत वेब मानकाचा दर्जा मिळाला. गूगलच्या क्रोम गटाने केलेले स्क्वूश हे साधन फोटो वापरणाऱ्याच्या यंत्रातच लहान करते. छापील अक्षरे ओळखणारा टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम एचपी कंपनीत १९८० च्या दशकात जन्मला आणि २००५ मध्ये मुक्त झाला. त्याची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती मराठी छपाईही वाचते.

काम आपल्याच यंत्रात होण्याचा मोठा फायदा म्हणजे आधार कार्ड, गुणपत्रक, पगारपत्रक असे कागद बाहेर जात नाहीत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मोफत फाइल-रूपांतराच्या बनावट साधनांबद्दल इशारा दिला होता. मागितलेली फाइल परत देता देता ती साधने संगणकात घातक प्रोग्रॅम सोडत किंवा फाइलमधली माहिती टिपून घेत. एखादे साधन फाइल बाहेर पाठवते का, याचा अंदाज घेण्याची साधी रीत आहे. पान पूर्ण उघडल्यावर नेट बंद करायचे आणि नमुन्याची एखादी बिनमहत्त्वाची फाइल देऊन पाहायचे. काम तरीही झाले, तर प्रक्रिया यंत्रातच होते आहे. साधन चालवणाऱ्यालाही यात लाभ आहे. सर्व्हरवर प्रक्रियेचा भार नसल्याने खर्च कमी राहतो आणि सेवा मोफत ठेवणे परवडते. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. असे पान पहिल्यांदा उघडताना बरेच एमबी उतरवावे लागू शकतात आणि कमी मेमरीच्या मोबाइलवर ते अडखळते. म्हणून आधी साधे पान दाखवावे, जड भाग गरज पडल्यावरच मागवावा आणि एकदा आलेला भाग यंत्रात जपून ठेवावा.

खरी अडचण पानाच्या मांडणीत असते. बहुतेक साधनांच्या मध्यभागी एक मोठी चौकट असते आणि ‘फाइल इथे ओढून टाका’ असे तिच्यावर लिहिलेले असते. अंध व्यक्ती माउस वापरत नाही. ती टॅब कळीने एकेका बटणावर जाते आणि स्क्रीन रीडर त्या बटणाचे नाव मोठ्याने सांगतो. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेला एनव्हीडीए हा असाच मोफत स्क्रीन रीडर आहे आणि त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठी बोलू शकतो. चौकट केवळ रंगवलेली असेल, तर टॅब तिच्यावरून पुढे निघून जातो आणि तिथे काही आहे हेच कळत नाही. त्याऐवजी ब्राउझरचे स्वतःचे फाइल निवडण्याचे बटण नीट नाव देऊन वापरले, की अडचण तिथेच संपते. ज्यांचा हात थरथरतो त्यांनाही ओढून टाकणे जमत नाही. त्यांचीही सोय याच बटणाने होते.

पुढचा टप्पा फाइल दिल्यानंतरचा. डोळस माणसाला फिरते चक्र दिसते, मग ‘डाउनलोड’ दिसते. अंध माणसाला केवळ शांतता मिळते. काम चालू आहे, संपले की फसले, हे स्क्रीन रीडरने आपणहून सांगावे अशी खूण पानात ठेवता येते आणि त्यासाठी कोडची एखादी ओळ पुरते. ती ओळ राहून गेली, तर बाकी सगळी मेहनत त्या माणसापर्यंत पोहोचतच नाही.

या साऱ्याचे नियम उपलब्ध आहेत. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९९९ मध्ये काढली, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका भेद असावा, ओढण्याच्या कामाला नुसत्या दाबण्याचा पर्याय असावा, दाबायची जागा किमान २४ गुणिले २४ पिक्सेलची असावी, अशी त्यांतली काही कलमे. पाळणे मात्र दूरच आहे. वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासते. २०२४ मध्ये त्यांतल्या ९५.९ टक्के पानांवर नियमभंग आढळला आणि सर्वांत जास्त आढळलेला दोष फिकट अक्षरांचा होता. रंग बदलून सुटणारा हा दोष वर्षानुवर्षे तसाच राहावा, हे क्लेशकारक आहे.

मराठीची स्वतःची एक जुनी अडचण यात मिसळते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत रोमन अक्षरेच असतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचे रूप देतो. कृतिदेवमधल्या ‘किती’च्या जागी फाइलमध्ये एफ, डी, आर, एच ही अक्षरे असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. अशा फाइलींचे युनिकोड करणारी ब्राउझरमधली साधने त्यामुळे मोलाची आहेत. त्यांचे काम दिसते त्यापेक्षा नाजूक आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचा क्रम याच्या उलट असतो. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतल्या ‘ऱ’साठी वेगळा नियम लागतो, नाहीतर ‘दुसर्‌या’सारखी रूपे तयार होतात. हे सगळे मजकुराचे नियम आहेत. ते काही केबींत मावतात, साध्या मोबाइलवर चालतात. त्यासाठी कोणाचीही फाइल सर्व्हरवर नेण्याचे कारण नाही. पानाची भाषा मराठी असल्याची खूणही कोडमध्ये हवी. ती नसली, तर स्क्रीन रीडर भलत्याच भाषेच्या आवाजात वाचू लागण्याचा धोका राहतो.

भारतात २०११ च्या जनगणनेत २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञान त्यांना वापरता येण्याजोगे असावे अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जीवनाच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण बँका व इतर सेवांच्या केवायसीचे, म्हणजे ग्राहकाची ओळख पडताळण्याचे होते. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगणारी पडताळणी ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींना पार करता येत नव्हती.

साधन तयार झाल्यावर त्याची पहिली चाचणी ते बनवणाऱ्याने स्वतः माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर करावी. फाइल निवडण्यापासून उतरवून घेण्यापर्यंत कुठेही अडले, तर तो दोष. लाइटहाउस, वेव्ह, ॲक्स ही तपासणीची साधने मोफत आहेत. बटणाला नाव नसल्याचे ती सांगतात. नाव आहे पण ते निरर्थक आहे, हे त्यांना कळत नाही. त्यासाठी स्क्रीन रीडर रोज वापरणारी माणसेच लागतात आणि त्यांना साधन दाखवायचे ते रचना अजून बदलता येत असताना.