नाडीसोबत बोलीही

कामठ्याचा रुग्ण गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आपलं दुखणं झाडीबोलीत किंवा पोवारीत सांगतो. तपासणारा विद्यार्थी कदाचित लातूरचा. शब्द कळतात, पण सूर निसटतो.

इथे कविता कामी येते. थोडक्या शब्दांत दडलेलं ओळखायची सवय ती लावते. बहिणाबाई वाचणाऱ्याचा बोलीसाठी कान तयार होतो. वैद्यकी आणि कविता तशा अनोळखी नाहीत. कवी कीट्सने १८१६ मध्ये वैद्यकीचा परवाना मिळवला आणि पुढे कवितेसाठी वैद्यकीच सोडली! विल्यम कार्लोस विल्यम्सने मात्र लहानग्यांवर उपचार करता करता कविता लिहिल्या.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णसंवाद आणि नीतिमूल्यं आली, शिक्षणाच्या सुरुवातीला स्थानिक भाषेचे धडेही. कविता सक्तीची नाही. पण त्या भाषेच्या तासाला झाडीबोलीतली एखादी कविता वाचायला कोणाची परवानगी लागते?