भट्टीपलीकडची धग

लोहारा या आमच्या तालुक्याच्या गावाच्या नावातच लोहार ऐकू येतो, म्हणून सुरुवात भट्टीपासून. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. अणू शाबूत राहतात, त्यांची बांधणी तेवढी सुटते. धग वाढवत नेली तर आधी इलेक्ट्रॉन सुटतात, मग अणुकेंद्रके फुटतात. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान असते. त्याच्या लाखपटीहून अधिक तापमानाला प्रोटॉनच विरघळतो आणि आतले क्वार्क-ग्लुऑन मोकळे होतात.

एरवी ते सुटत नाहीत. क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनवर स्वतःचाही ‘रंगभार’ असतो (डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही), त्यामुळे ग्लुऑन एकमेकांनाही ओढतात आणि क्वार्क दूर नेले तरी पकड ढिली पडत नाही. उलट, ते अगदी जवळ आले की ती सैलावते. ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी १९७३ मध्ये हे दाखवले. २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. यावरून अनेकांची अपेक्षा अशी, की प्रचंड तापमानात क्वार्क-ग्लुऑनचा विरळ संबंधांचा वायू होईल. अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत सोन्याची अणुकेंद्रके एकमेकांवर आदळवली, तेव्हा निघाला तो द्रव, चिकटपणा जवळजवळ नसलेला! २००५ मध्ये हे जाहीर झाले. मोकळे झालेले कण अजून एकमेकांना धरूनच वाहत होते.

पण निमिषाच्याही अतिसूक्ष्म अंशात विरणाऱ्या या थेंबाचे तापमान मोजायचे कसे? इथे मुंबईचा संबंध येतो. या बलाची समीकरणे कागदावर सुटत नाहीत. म्हणून अवकाश-काळाची जाळी कल्पून संगणकावर हिशेब करतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सौरेंदु गुप्ता आणि कोलकात्याचे बेदांगदास मोहंती यांनी अमेरिका व चीनमधील सहकाऱ्यांसह २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तो हिशेब प्रयोगाशी ताडून पाहिला. दर टकरीत प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांच्या संख्येतला फरक कमीजास्त होतो. त्या चढउतारांचे स्वरूप जाळीवरच्या गणिताशी जुळवले, तेव्हा संक्रमणाचे तापमान निघाले १७.५ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सुमारे २ लाख कोटी अंश. माझ्या मते या कामाचे मोल आकड्याहून पद्धतीत अधिक आहे. आकडा पुढच्या गणितांनी १५.६ कोटींच्या आसपास खाली आणलाच.

शिवाय हे वितळणे लोखंडासारखे नेमक्या बिंदूवर होत नाही. उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखे ते हळूहळू होते. प्रोटॉन-न्यूट्रॉनांची दाटी वाढवली तर कुठेतरी ठसठशीत उंबरठा लागेल, असा कयास आहे. त्याचा शोध अजून चालू आहे.