गरोदरपणातला मधुमेह पहिल्या तीन महिन्यांतच कळतो का?

गरोदरपणाची खात्री झाली की पहिल्याच भेटीत डॉक्टर तपासण्यांची चिठ्ठी देतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, थायरॉइड, एचआयव्ही आणि साखर. रिपोर्ट येतो, साखरेसमोर ‘नॉर्मल’ लिहिलेले असते आणि घरातले सगळे निश्चिंत होतात. पुढे सहाव्या महिन्यात ग्लुकोज पिऊन पुन्हा तपासणी करायला सांगितले, की हमखास विचारले जाते, “शुगरची टेस्ट झाली ना एकदा? मग परत कशाला?” अलीकडे त्यात भर पडली आहे ती सुरुवातीलाच गर्भावधी मधुमेहाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्यांच्या बातम्यांची. त्यामागचे संशोधन खरे आहे आणि मोलाचेही आहे. पण अंदाज म्हणजे निदान असे समजून पुढची तपासणी टाळली, तर त्याची किंमत आई आणि बाळाला मोजावी लागते. म्हणून नेहमी कानावर येणारे हे काही गैरसमज.

गैरसमज १: सुरुवातीची साखर नॉर्मल आली, म्हणजे पुढे धोका नाही.

वस्तुस्थिती: हा मधुमेह प्रामुख्याने गरोदरपणाच्या दुसऱ्या टप्प्यात आकार घेतो. बाळाला पोसणारी वार जशी वाढते, तशी तिच्यातून निघणारी संप्रेरके आईच्या शरीरातील इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. बाळाला ग्लुकोजचा पुरवठा सतत होत राहावा, यासाठीची ही निसर्गाचीच योजना आहे. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून हा भार पेलते. ज्यांचे पेलत नाही, त्यांची साखर वाढू लागते. इन्सुलिनला होणारा हा विरोध विसाव्या आठवड्यानंतर ठळक होतो. दुसऱ्या महिन्यातल्या रक्तात तो दिसणार कसा? उलट सुरुवातीच्या आठवड्यांत उपाशीपोटीची साखर थोडी खालीच येते.

म्हणूनच केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणी दोनदा करायची आहे: पहिल्या भेटीत एकदा, आणि ती नॉर्मल आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. दोन्हींत किमान चार आठवड्यांचे अंतर हवे. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. या पद्धतीत उपाशी राहण्याची अट नाही. साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आली, तर गर्भावधी मधुमेह. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. हे सिस्टरला न सांगता तसेच बसून राहू नये.

गैरसमज २: एचबीएवनसी केली, आता दुसऱ्या कशाची गरज नाही.

वस्तुस्थिती: ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. आठव्या आठवड्यात केली, तर तिच्यात बराचसा हिशेब गरोदर राहण्याआधीच्या दिवसांचा असतो. त्यामुळे आधीपासून असलेला पण लक्षात न आलेला मधुमेह पकडायला ती उपयोगी आहे. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर तो मधुमेह गरोदरपणाच्या आधीचाच समजला जातो. पण सातव्या महिन्यात काय होईल, याची हमी ती देत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीएवनसीचा आकडा खोटा वाढू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटा कमी दिसू शकतो. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट शेजारी ठेवल्याशिवाय या आकड्यावर विसंबू नये.

गैरसमज ३: डबल मार्करमध्ये किंवा नव्या रक्ततपासण्यांत मधुमेहाचे निदान होते.

वस्तुस्थिती: अकराव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान होणारी डबल मार्कर चाचणी डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषांची शक्यता तपासण्यासाठी असते. तिच्यात मोजले जाणारे पॅप-ए हे प्रथिन कमी असलेल्या स्त्रियांमध्ये पुढे मधुमेहाचे प्रमाण जास्त दिसते, एवढे खरे. अॅडिपोनेक्टिन आणि लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे एसएचबीजी हे प्रथिन कमी असणे, ट्रायग्लिसराइड जास्त असणे, अशा आणखी काही खुणा संशोधकांना सापडल्या आहेत. वय, वजन, घरातला इतिहास आणि या खुणा एकत्र करून धोक्याचे गणित मांडता येते. पण ते गणित काय सांगते, हे नीट समजून घ्यायला हवे.

समजा, १०० गरोदर स्त्रियांपैकी १५ जणींना पुढे मधुमेह होणार आहे. एखादी चाचणी खऱ्या धोक्यातल्या ८० टक्के स्त्रियांना ओळखते आणि धोका नसलेल्यांपैकी २० टक्क्यांना चुकून धोक्यात टाकते. म्हणजे १५ पैकी १२ जणी सापडल्या. उरलेल्या ८५ पैकी १७ जणींना उगाच धास्ती बसली. ‘धोका आहे’ असे सांगितलेल्या २९ जणींपैकी मधुमेह होणार तो फक्त १२ जणींना. आणि ‘धोका नाही’ म्हणून घरी गेलेल्या ७१ जणींत तिघी अशा आहेत, ज्यांना तो होणारच आहे. पुढची तपासणी रद्द केली, तर या तिघी कधीच सापडणार नाहीत.

गैरसमज ४: मी सडपातळ आहे, घरात कुणाला शुगर नाही, मला कशाला होईल?

वस्तुस्थिती: याचे उत्तर पुण्यातूनच मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण वजनाने इतकी हलकी असलेल्या या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक पण आतून मेदयुक्त असलेली ही शरीराची ठेवण जन्मापासूनची आहे. म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय २३ पासून धरली जाते आणि आपल्याकडे प्रत्येक गरोदर स्त्रीची तपासणी करायला सांगितले आहे, फक्त लठ्ठ किंवा वयाने मोठ्या स्त्रियांची नव्हे.

गैरसमज ५: धोका आधी कळून उपयोग काय? व्हायचे ते होणारच.

वस्तुस्थिती: उपयोग आहे. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि भारत या देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी असलेल्या आणि विसाव्या आठवड्याआधीच साखर वाढलेल्या स्त्रियांवर लगेच उपचार सुरू केले, तेव्हा नवजात बाळांतील गुंतागुंतीचे प्रमाण ३०.५ टक्क्यांवरून २४.९ टक्क्यांवर आले. मात्र याच चाचणीत, लगेच उपचार न दिलेल्या गटातल्या जवळपास एक तृतीयांश स्त्रियांना २४ ते २८ आठवड्यांच्या तपासणीत मधुमेह नसल्याचे दिसले. म्हणून लवकर आलेला वाढीव आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, तसा तो कायमचा शिक्काही नाही.

धोका जास्त निघाला म्हणून जेवण तोडायचे नसते. दोन जिवांची म्हणून दुप्पट भात, साबुदाणा आणि दिवसभर फळांचे रस, हे थांबवावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ-उसळ, पालेभाजी, अंडी, दही यांना ताटात जागा वाढवावी. तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडे थोडे विभागून खावे आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर जेवणानंतर चालावे.

गैरसमज ६: इन्सुलिन बाळाला बाधते.

वस्तुस्थिती: आईने घेतलेले इन्सुलिन सहसा वार ओलांडत नाही. वार ओलांडते ती आईची वाढलेली साखर. ती बाळापर्यंत पोचली, की बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवू लागते. त्याने बाळ प्रमाणाबाहेर वाढते. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, पण बाळाचे इन्सुलिन मात्र जास्तच असते. म्हणून जन्मानंतर त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. सुई बाळासाठीच असते. शिवाय पुष्कळ जणींना तिची गरजही पडत नाही. आधी दोन आठवडे आहार आणि चालणे यांवर भर दिला जातो, साखर तेवढ्याने आटोक्यात आली नाही तरच औषध.

गैरसमज ७: बाळंतपण झाले, विषय संपला.

वस्तुस्थिती: साखर बहुधा खाली येते, धोका राहतो. गर्भावधी मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे टाइप टू मधुमेह होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या तुलनेत किमान सात पट असते. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन पुन्हा तपासणी करावी लागते आणि पुढे दर वर्षी साखर बघावी लागते. बाळाच्या लशीसाठी सहाव्या आठवड्यात दवाखान्यात जाणे होतेच. त्याच फेरीत आईचीही तपासणी उरकता येते.

सुरुवातीची रक्ततपासणी जरूर करा. तिने आधीचा मधुमेह सापडतो आणि कुणाकडे जास्त लक्ष द्यायचे, हे ठरवता येते. पण तिचा निकाल कसाही येवो, २४ ते २८ आठवड्यांमधली एक तारीख आजच माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी होते, तिथे या चाचणीबद्दल विचारा. आणि घरातल्या कुणीतरी त्या दोन तासांसाठी तिच्यासोबत जाऊन बसा. ही तपासणी चुकवू नका.